ओल्या तासांचा हिशोब

अंगठ्याच्या नखाएवढा, म्हणजे साधारण १ चौरस सेंटिमीटर, उघडा पोलादी पत्रा घ्या. तो वर्षाला ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा हिस्सा, या वेगाने गंजतोय असं धरा. दमट, किंचित खारट हवेत हा वेग काही विशेष नाही. या वेगाने त्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला लोखंडाचे सुमारे १३ लाख कोटी अणू सुटतात. रात्री, दिवसा, गाडी उभी असताना, तुम्ही झोपलेले असताना, दर सेकंदाला तेवढेच.

तरी डोळ्यांना काही दिसत नाही, कारण पत्र्यातले अणू त्याहून अफाट आहेत. इतके अणू जाऊनही त्यांचा एक थर संपायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो. मोटारीच्या तळाचा पत्रा ०.७ मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्यात असे ३४ लाखांवर थर एकावर एक बसलेले असतात. एकाच बाजूने, सगळीकडे सारखा गंज चढत गेला, तर तो पत्रा आरपार जायला १४ वर्षं लागतील. प्रत्यक्षात गंज सारखा चढत नाही. एखादी जागा हेरून तो तिथेच खोल जातो, म्हणून भोक त्याच्या कितीतरी आधी पडतं.

या सगळ्या गणितात एक गोष्ट गृहीत आहे: पत्रा ओला आहे. कोरडं लोखंड गंजत नाही. वर्षात ८,७६० तास असतात आणि त्यांतले किती तास पत्र्यावर ओल होती, यावर गाडीचं आयुष्य ठरतं. गंजाच्या शास्त्रात ‘ओलाव्याचा काळ’ असं एक मापच आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आणि तापमान शून्याच्या वर असेल, तो प्रत्येक तास त्यात धरला जातो. किती पाऊस पडला आणि गाडी किती जुनी, याआधी विचारायचा प्रश्न हा आहे: असे ओले तास किती?

जस्ताची भिंत

छत्रपती संभाजीनगरला पत्र्याची ओळख करून द्यायची गरज नाही. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळू लागल्या. या दोन कारखान्यांभोवती पत्रा कापणारे, दाबणारे, वेल्डिंग आणि प्लेटिंग करणारे, रंगवणारे हजारो हात इथे तयार झाले. पत्र्याला गंजापासून वाचवायला किती बारीक थर दिलेला असतो, हे त्या हातांना ठाऊक आहे. गाडी चालवणाऱ्याला मात्र ते सहसा माहीत नसतं.

आजच्या मोटारीचा पत्रा बहुधा जस्त चढवलेला असतो. एका बाजूला दर चौरस मीटरला ५० ग्रॅम जस्त हे नेहमीचं प्रमाण, म्हणजे थराची जाडी सुमारे ७ मायक्रॉन. त्यावर एक ते तीन मायक्रॉनचा फॉस्फेटचा थर. मग गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या मदतीने बसवलेला सुमारे २० मायक्रॉनचा लेप. हे तिन्ही थर एकत्र केले तरी माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीचे होत नाहीत. तळाला मोक्याच्या जागी पीव्हीसीचा जाड थर असतो, पण तो सगळीकडे नसतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातल्या मंडळींनी एकगठ्ठा सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. व्यवहार ६५ कोटी रुपयांचा होता आणि देशभर त्याची चर्चा झाली. आता त्या गाड्यांचं खालून गणित मांडू. एका मोटारीचा तळ सुमारे ८ चौरस मीटर, म्हणजे दीडशे गाड्यांचा १,२०० चौरस मीटर. रस्त्याकडच्या बाजूला चौरस मीटरमागे ५० ग्रॅम जस्त धरलं, तर सगळ्या गाड्यांचं मिळून होतं ६० किलो. ६५ कोटींचा ऐवज आणि खालून येणारं पाणी, चिखल, मीठ यांच्यामध्ये एका माणसाच्या वजनाएवढं जस्त.

एवढंसं जस्त पुरतं, कारण ते लोखंडाआधी स्वतः झिजतं. पत्र्यावर ओरखडा उमटून लोखंड उघडं पडलं, तरी शेजारचं जस्त आपले इलेक्ट्रॉन देऊन त्याला वाचवतं. मग ते किती वर्षं टिकतं?

हवेच्या गंजवण्याच्या ताकदीचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९२२३. त्यात हवेचे ‘सी-१’ ते ‘सी-५’ आणि त्यापुढे ‘सीएक्स’ असे वर्ग आहेत. कोरड्या, मिठापासून आणि धुरापासून दूर असलेल्या ‘सी-२’ हवेत उघडं जस्त वर्षाला ०.१ ते ०.७ मायक्रॉन झिजतं. म्हणजे ७ मायक्रॉनचा थर दहा वर्षं तर नक्कीच, कदाचित सत्तर वर्षं टिकेल. खाऱ्या वाऱ्याच्या ‘सी-५’ हवेत तेच जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन जातं. तिथे तोच थर दोन पावसाळेही काढत नाही. ‘सीएक्स’मध्ये, म्हणजे लाटांचे तुषार थेट पोचतात अशा जागी, तो वर्षभरही राहत नाही. गाडी, पत्रा, कारखाना सगळं तेच असूनही आयुष्यात सत्तर पटींचा फरक पडू शकतो. वर रंग असल्याने प्रत्यक्षातला वेग कमी असतो, पण रंग जिथे उडाला तिथे हेच आकडे लागू होतात. म्हणूनच जुनी गाडी घेणारा जाणता माणूस कोकणातली गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय सौदा करत नाही.

मिठाचे डोंगर

बर्फाच्या देशांत हे संकट माणसाने स्वतः रस्त्यावर ओतलंय. मिठामुळे पाणी शून्याखालीही गोठत नाही, म्हणून थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात. अमेरिकेत १९४१-४२ च्या हिवाळ्यात महामार्गांवर अवघं ५ हजार टन मीठ पडलं होतं. आता तिथे वर्षाला २ कोटी टनांच्या आसपास पडतं. चार हजार पट. कॅनडात सुमारे ५० लाख टन. शिकागोला, टोरोंटोला राहणारी आपली माणसं हिवाळाभर गाडीचा तळ धुवून घेतात, त्यामागचं कारण हे. टोयोटाच्या काही पिकअप आणि मोठ्या गाड्यांच्या चासी अशा गंजल्या, की २०१६ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता अमेरिकेत तडजोड केली. गाड्या १५ लाख, आणि तडजोडीची अंदाजे किंमत ३४० कोटी डॉलरपर्यंत.

पण माणसाचं मीठ समुद्रापुढे काहीच नाही. लाटा फुटताना, बुडबुडे फुटताना जगभरचे समुद्र दरवर्षी हवेत जे मीठ उडवतात, त्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज १४० ते ६८० कोटी टनांचा आहे. त्यातलं बरंचसं परत समुद्रात पडतं. जे किनाऱ्यावर येतं तेही पहिल्या काही किलोमीटरांतच झपाट्याने कमी होतं. सह्याद्री ओलांडून, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या आपल्या शहरापर्यंत पोचणारा वाटा नगण्य असतो. आपल्याकडचं मीठ वाऱ्याने येत नाही. ते गाडीला चिकटून येतं.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. संभाजीनगरहून सकाळी निघालेली गाडी त्याच दिवशी किनाऱ्यावर असते. अनेक जण ती थेट वाळूवर उतरवतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ असतं. चासीच्या पोकळीत, दारांखालच्या पट्टीच्या, म्हणजे सिलच्या, जोडात एक लिटर शिरलं आणि वाळलं, तर घरी येताना ३५ ग्रॅम मीठ सोबत येतं. त्यातल्या क्लोराइडच्या कणांची संख्या ३३ वर २२ शून्यं इतकी. क्लोराइड गंज चढवताना खर्च होत नाही. एका जागचं लोखंड सुटं केलं की ते मोकळं होतं आणि पुढच्या अणूकडे वळतं. धुतलं नाही, तर तेवढंच मीठ वर्षानुवर्षं काम करत राहतं.

कोरड्या शहराचं कवच

आता आपल्या शहराची जमेची बाजू. इथे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. वर्षाचा मोठा काळ हवेतली आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असते आणि पावसाळ्यात ती ८५ पर्यंत चढते. ही हवा लोखंडाला मानवते.

पण मिठाचे स्वतःचे उंबरठे आहेत. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पाऊस पडायची गरज नाही. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला अवघी ३३ टक्के आर्द्रता पुरते. म्हणून समुद्राचं मीठ साध्या मिठाच्या आधीच ओलसर होऊ लागतं. दिवाळीच्या सुट्टीत किनाऱ्यावरून आलेली गाडी उन्हाळाभर खालून कोरडीठाक दिसते. जूनमध्ये हवा जड झाली, की सहा-सात महिने पडून राहिलेलं मीठ झपाट्याने पाणी ओढायला लागतं. गाडी तेव्हा शेडमध्ये असते. मालकाला वाटतं, आपली गाडी पावसात भिजतच नाही.

पावसाने सगळं धुतलं जाईल, ही समजूतही इथे कामाची नाही. ७०० मिलिमीटरच्या हिशोबाने उघड्यावर उभ्या मोटारीवर वर्षाला साडेपाच हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. ते टप, काच आणि बॉनेट स्वच्छ करतं. तळाला लागतं ते चाकांनी उडवलेलं चिखलाचं पाणी. ते घाण आणतं, धुऊन नेत नाही.

काळ्या मातीचा ओलावा

आपल्याकडे बर्फाचा राडा नाही, पण काळ्या मातीचा चिखल आहे, आणि तो कमी लेखण्यासारखा नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झालेल्या या मातीत चिकणमातीचं प्रमाण बरेचदा ४० ते ६० टक्के असतं, आणि त्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइटच्या जातीचं. त्याचे पापुद्रे सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, म्हणून ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात.

अशा एका ग्रॅम खनिजाच्या सगळ्या पापुद्र्यांचं क्षेत्रफळ मांडलं, तर ते ७०० ते ८०० चौरस मीटर भरतं. चाकाच्या कमानीत अडकलेल्या चिखलात हे खनिज फक्त १०० ग्रॅम आहे असं धरा. त्याचं क्षेत्रफळ होतं ७५ हजार चौरस मीटर, म्हणजे साडेअठरा एकर. एवढ्या पृष्ठभागाला पाणी धरून बसलेलं आहे आणि तो सगळा पसारा वीतभर जागेत पत्र्याला चिकटलाय. वरचा पत्रा ऊन पडताच तासाभरात सुकतो. या चिखलाखालचा पत्रा दिवसेंदिवस ओला राहतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे २,९२८ तास होतात. चिखल निघालाच नाही, तर त्यातले बहुतेक तास ओल्या तासांच्या खात्यात जातात.

चिखलाखाली हवा कमी, मग गंजही कमी, असं वाटू शकतं. घडतं उलटं. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात पोलादावर खाऱ्या पाण्याचा थेंब ठेवून हे दाखवून दिलं. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर पोचतो, मध्यभागी कमी. आणि धातू खाल्ला जातो तो मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी असतो. चिखलाच्या गोळ्याखाली हेच होतं. म्हणूनच कमानीची आतली कड, दाराखालची कड आणि सिलचा जोड आधी सडतो.

शेतावर जाणाऱ्या पिकअपला आणखी एक धोका आहे. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे मुख्यतः पोटॅशियम क्लोराइड, मिठाचंच भावंड. ५० किलोच्या एका पोत्यात २२ किलोंहून जास्त क्लोराइड असतं. फाटक्या पोत्यातून हौद्यात एक किलो खत सांडलं, तर समुद्राच्या सुमारे २३ लिटर पाण्यातलं क्लोराइड गाडीला मिळालं. ज्या गाडीने कधी समुद्र पाहिला नाही, तिचाही हौदा जोडांतून सडतो, त्याचं एक कारण हे असतं. युरियाचं पोतं आणि पोटॅशचं पोतं पत्र्याच्या दृष्टीने सारखं नाही. पोटॅश वाहून आणलं, की हौदा झाडून धुवायलाच हवा.

सायलेन्सरला तर बाहेरच्या पाण्याचीही गरज नसते. एक लिटर पेट्रोल जळलं, की धुरातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि ते वाफ होऊन निघून जातं. घर ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत तो पुरता तापत नाही, पाणी आतच साचतं आणि आतून गंज सुरू होतो. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवणं हा त्यावरचा साधा उपाय.

खडे आणि ओरखडे

जस्ताची आणि रंगाची भिंत फोडायचं काम खडे करतात. ताशी १२० किलोमीटर वेगाला ६० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर अडकलेल्या खड्याला जागेवर राहायला गुरुत्वाकर्षणाच्या पावणेचारशे पट ओढ लागते. ती मिळाली नाही, की खडा सुटतो आणि कमानीवर किंवा तळावर आदळतो. नागपूर ते आमणे एका बाजूचा प्रवास केला, तर प्रत्येक चाक ३ लाख ७० हजार वेळा फिरतं, म्हणजे चार चाकांचे मिळून जवळपास १५ लाख फेरे. त्यांतल्या मोजक्याच फेऱ्यांत खडा उडाला, तरी वीस मायक्रॉनच्या लेपाला तो खूप झाला.

ओरखड्यातून गंज आत शिरला, की तो फुगतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो, म्हणून शेजारचा चांगला रंगही फुगून सुटतो आणि ओरखडा रुंदावत जातो. एक किलो लोखंड पूर्ण गंजलं, तर सुमारे १.६ किलो गंज होतो. वरचे ६०० ग्रॅम हवा आणि पाणी यांतून येतात. त्या काळात हळूहळू बाहेर पडणारी उष्णता साधारण दोन युनिट विजेएवढी असते. खनिजातून लोखंड काढताना भट्टीत जी ऊर्जा घातली, तिचा मोठा वाटा असा परत जातो.

हे सगळं फक्त दिसण्यापुरतं असतं, तर एवढं लिहायची गरज नव्हती. ब्रेकचं तेल नेणारी पोलादी नळी बहुतेक गाड्यांत ४.७५ मिलिमीटर व्यासाची आणि ०.७ मिलिमीटर जाडीच्या भिंतीची असते. ती गाडीच्या तळातूनच जाते. जोरात ब्रेक दाबला, की तिच्यातला दाब १०० बारच्या घरात, म्हणजे वातावरणाच्या शंभरपट होतो. ती भिंत एखाद्या जागी गंजून जवळजवळ संपली असेल, तर ते कळण्याची वेळ नेमकी तीच असते. गाडी रॅम्पवर चढेल तेव्हा मेकॅनिकला ब्रेकच्या नळ्या पाहायला सांगा. कुटुंब घेऊन घाट उतरणाऱ्या प्रत्येकाने हे सांगायला हवं.

पाणी किती, आणि केव्हा

या शहरात पाण्याचा विषय सांभाळूनच बोलावं लागतं. आपलं पाणी पैठणच्या नाथसागरातून, सुमारे ५० किलोमीटरवरून, पंपाने उंचावर चढवून येतं आणि अनेक भागांत नळ कित्येक दिवसांनी येतो. म्हणून हा हिशोब काळजीने करू. रोज १५ लिटरची एक बादली टप आणि बॉनेट चमकवायला वापरली, तर वर्षाला ५,४७५ लिटर पाणी जातं आणि गंजाला त्याचा काही फरक पडत नाही. वॉशिंग सेंटरवर रॅम्पवर चढवून प्रेशरने फक्त तळ आणि कमानी धुवायला ५० लिटर धरा. वर्षातून तीन वेळा केलं, तर १५० लिटर. रोजची बादली सोडून ओल्या फडक्यावर भागवलं आणि त्यातले हे १५० लिटर तळाला दिले, तरी पाच हजारांहून जास्त लिटर वाचतात. बोअरचं पाणी खारट लागतं म्हणून अडून बसू नका. लिटरमागे एखादा ग्रॅम क्षार असला, तरी ते समुद्राच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढंच खारं आहे.

अंडरकोटिंग करावं का, हा पुढचा प्रश्न. चांगलं केलेलं कोटिंग उपयोगाचं असतं, पण आधी तळ धुऊन पूर्ण सुकवला तरच. ओल्या चिखलावर किंवा सुरू झालेल्या गंजावर मारलेला डांबरी थर ओल आत कोंडून ठेवतो आणि ओले तास कमी करण्याऐवजी वाढवतो. दारांच्या आणि सिलच्या खालची पाणी निथळायची भोकं त्यात बुजली, तर नुकसान दुप्पट. कोटिंग झाल्यावर ती भोकं मोकळी आहेत ना, हे स्वतः वाकून बघा.

गंजाने होणाऱ्या नुकसानीचा एक मोठा जागतिक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०१३ सालचा जगाचा खर्च अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या ३.४ टक्के, असा मांडला आहे. भारताचा आकडा सुमारे ७ हजार कोटी डॉलर, देशाच्या उत्पन्नाच्या ४.२ टक्के. त्याच अभ्यासाचं म्हणणं असं, की आज हातात असलेलंच ज्ञान नीट वापरलं, तर यातला १५ ते ३५ टक्के खर्च वाचेल. त्यासाठी नवा शोध लागत नाही.

आपल्याला तर त्यासाठी वेगळं वेळापत्रकही लागत नाही. मृग लागण्याआधी तळ धुऊन घ्या, म्हणजे वर्षभरातलं मीठ आणि खत पावसाळी हवेच्या हाती लागणार नाही. दसऱ्याला गाडीची पूजा आपण करतोच. त्या दिवशी हार घालण्याआधी कमानीतला पावसाळ्याचा चिखल काढा. आणि किनाऱ्यावरून आलात, तर दुसऱ्याच दिवशी गाडी रॅम्पवर न्या. तीन वेळा, १५० लिटर. एवढ्यावर ७ मायक्रॉनचं जस्त या कोरड्या शहरात गाडीइतकंच टिकू शकतं.